वाताची पुडी

लालबाग, १२ नोव्हेंबर २०२४

मयूर,

तुझा नंबर बंद लागतो. तुझ्या बायकोचा, पूर्वीचा, लागतो, पण ती उचलत नाही. म्हणून कणकवलीला तुझ्या सासुरवाडीच्या पत्त्यावर हे रजिस्टर पोस्टाने पाठवते आहे. सही घेतल्याशिवाय पोस्टमन देणार नाही. म्हणजे पत्र मिळालंच नाही असं तुला म्हणता येणार नाही.

अण्णा परळला हॉस्पिटलात आहेत. दिवाळी तिथेच गेली. डाव्या खुब्याचं हाड मोडलंय. पडले नाहीत ते. पडले असते तर मी म्हटलं असतं, म्हातारा माणूस, मोरी ओली, होतं असं. अण्णा आंघोळीला मोरीतल्या स्टुलावर बसत होते आणि बसता बसता हाड मोडलं. मी बाहेर कणीक मळत होते. आवाज मला ऐकू आला. आधी वाटलं स्टूल मोडलं. आत गेले तर स्टूल शाबूत, आणि अण्णा भिंतीला टेकून माझ्याकडे बघतायत.

चाळीतल्या पोरांनी खुर्चीवर बसवून खाली उतरवलं. एक्स-रे बघून हाडांच्या डॉक्टरांनी मलाच विचारलं, यांना आधी काही मोठा आजार होता का. मी म्हटलं, नाही हो, उलट गेली दोन वर्षं ठणठणीत होते, गणपतीत मांडी घालून पखवाज वाजवत होते. डॉक्टरांनी ऑपरेशनची तयारी सुरू केली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी अण्णांना उलट्या सुरू झाल्या. मग अंग गार. मग मला ओळखेनात. मला आईच्या नावाने हाका मारायला लागले. नर्स दोनदा बीपी मोजून धावत गेली, कारण मशीनवर आकडाच येत नव्हता. तिथे एक तरुण डॉक्टर आहे, जेनेल डिमेलो म्हणून. गिरगावची आहे, मराठी आपल्यासारखं बोलते. तिने अण्णांचं तोंड निरखून बघितलं. ते गोल गोल झालेलं तोंड, ज्याला तू म्हणायचास, बघ ताई, अण्णांच्या अंगाला कसं लागतंय. तिने त्यांच्या बाहीचं टोक वर केलं. हातावर ते जांभळे डाग, जे नुसतं दाराला हात लागला तरी उठायचे. मग तिने मला विचारलं, "घरी यांना कुठली औषधं चालू होती?"

मी बीपीची गोळी सांगितली.

"ते नाही विचारत. देशी काही? आयुर्वेदिक? कोणी आणून दिलेलं?"

तेव्हा मी पुडीचं सांगितलं. वाताची पुडी. सकाळी एक, संध्याकाळी एक, कोमट पाण्यातून. आणणारा माझा भाऊ.

तिने पुढचं ऐकून न घेता नर्सला इंजेक्शन आणायला सांगितलं. संध्याकाळपर्यंत अण्णांनी डोळे उघडले आणि पेज मागितली. नंतर मला बाहेर बाकावर बसवून तिने समजावलं. त्या पुडीत स्टेरॉइड असणार. आपलं शरीर थोडं स्टेरॉइड स्वतःच बनवतं. बाहेरून रोज भरपूर मिळायला लागलं की ते आपलं बनवणं बंद करतं. मग बाहेरचं एकदम थांबलं की आत काहीच उरत नाही आणि माणूस कोसळतो. अण्णा हॉस्पिटलात आले, पुडी घरी राहिली. म्हणून ते मरायला टेकले. ज्या पुडीने ही दशा केली तिच्यातलंच औषध सुईतून घालून त्यांना परत आणावं लागलं, आणि आता ते थोडं थोडं कमी करत न्यायचंय. कित्येक महिने.

आता मला सांग. तू दिवाळीच्या तोंडावर घाईघाईने गावाला का गेलास? सासऱ्यांना बरं नाही म्हणालास. दादरला मी कामाला आहे त्या साडीच्या दुकानात येणाऱ्या एका गिऱ्हाईक बाईंकडून मला कळलं की पनवेलकडच्या ज्या वैद्याकडून तू पुड्या आणायचास त्याने गाशा गुंडाळला, पोलीस त्याला शोधतायत. तुला ते आधीच कळलं होतं. तू फोन बंद केलास आणि निघालास.

तू माझा भाऊ आहेस म्हणून लिहीत नाहीये. अण्णांना बघायला ये असंही म्हणत नाही. माझी मागणी एकच आहे. तू ही पुडी अजून कोणाकोणाला दिलीस ते सांग. शेजारच्या रमाबाई घेतात ते मला माहीत आहे. बाकी कोण? तू पळालास म्हणजे त्यांच्या पुड्या आता संपत येतील. पुडी संपली की बरं झालं, सुटले, असं होत नाही, हे तुला कळतंय का? ती माणसं अण्णांसारखी कोसळतील, आणि त्यांच्या उशाशी जेनेल मॅडम नसेल.

नावं कळव. लगेच.

प्रिती

---

लालबाग, २४ नोव्हेंबर २०२४

मयूर,

तुझं पत्र आलं. चार ओळी.

पहिली ओळ : "ताई, ते शुद्ध आयुर्वेदिक आहे, जडीबुटी आहे, त्याने अपाय होत नाही." घरात उरलेल्या पुड्या जेनेल मॅडमने तपासायला पाठवल्या होत्या. रिपोर्ट आला. स्टेरॉइड आहे, दुखणं मारायच्या गोळीची पूड आहे आणि हळद आहे. तुझ्या वैद्याची जडीबुटी म्हणजे हळद. तिने पुड्या पिवळ्या झाल्या, एवढंच तिचं काम.

दुसरी ओळ : "हॉस्पिटलवाले नेहमी आयुर्वेदाच्या नावाने बोंबलतात." ती मुलगी काय म्हणाली ते ऐक. म्हणाली, "औषधाला शिव्या देऊ नका. आमच्या वॉर्डात याच औषधाने माणसं वाचतात, तुमच्या वडिलांनाही त्यानेच वाचवलं. पण किती द्यायचं, किती दिवस द्यायचं, हाडं, साखर, बीपी कोण बघणार, हे ठरवून द्यायचं असतं. इथे देणाऱ्यालाही माहीत नव्हतं काय देतोय, आणि घेणाऱ्यालाही." आयुर्वेदाला ती एक शब्द बोलली नाही. आयुर्वेदाचं नाव तुझ्या वैद्याने बुडवलं.

तिसरी ओळ : "अण्णांचं वय झालंय." हो, झालंय. त्यांच्या वयाची माणसं आपल्या चाळीत जिने चढतात. अण्णांना काल घरी आणलं. ऑपरेशन झालंय, खुब्यात सळई आहे. फिजिओवाला येतो आणि सांगतो, पाय उचला. ते उचलू शकत नाहीत. तो पाय मोडलेला आहे म्हणून नाही, तर बरा पायही उचलू शकत नाहीत. मी त्यांना पुसताना मांड्या बघितल्या. मयूर, माझ्या मनगटाला एका हाताने वेढा पडतो तसा त्यांच्या मांडीला माझ्या दोन हातांचा पडतो. वर पोट सुटलेलं, तोंड भरलेलं, आणि खाली काही नाही. आपण दोन वर्षं वरचं बघत राहिलो आणि धोतराखाली काय चाललंय ते कोणी बघितलं नाही. स्नायू वितळले त्यांचे. पाठीचेही दोन मणके दबलेत. ते उंचीने कमी झालेत हे मला अजून कोणी सांगितलं नव्हतं, पण त्यांचा सदरा गुडघ्यापर्यंत येतो तेव्हा मला डोळे आहेत.

आणि हृदय. पावलं सुजतात, चार शब्द बोलले की दम लागतो. इको काढला. दोन वर्षं बीपी वाढत होतं, साखर वाढत होती, अंगात पाणी साठत होतं, आणि ते सगळं हृदयाने ओढलं. आता ते थकलंय. डॉक्टर 'कमजोर' म्हणतात.

चौथी ओळ : "मला यात ओढू नकोस."

मी तुला यात ओढत नाहीये. तू मध्ये उभा आहेस. मी सगळ्या बाजूंनी तुझ्याकडे बघते आहे, बस.

नावं तू लिहिली नाहीस. एकही नाही.

आता जे मागच्या पत्रात मुद्दाम लिहिलं नव्हतं ते लिहिते. लिहिलं नव्हतं, कारण वाचून तुला बरं वाटलं असतं. अण्णा माझ्यावर चिडलेत. शुद्धीवर आल्यापासून विचारतात, "माझी पुडी खय आसा?" मी सांगितलं, त्यात विष होतं. ते म्हणाले, "दोन वर्सा खाल्लंय, तेवा नाय मेलंय." मी सूप भरवते, बेडपॅन देते, चादर बदलते, दुकानातून बिनपगारी रजा घेऊन दिवसभर त्यांच्यापाशी बसते, आणि ते भिंतीकडे तोंड करून म्हणतात, "मयूरान माका मांडी घालूक लायल्यान. तुझ्या डॉक्टरणीन माका खाटेर टाकल्यान."

त्यांच्या बाजूनेही मला दिसतं, असं समजू नकोस की दिसत नाही. गुडघ्यांमुळे त्यांनी भजन सोडलं होतं. पखवाजाला खोळ घालून तो माळ्यावर टाकला होता. तू पुडी आणलीस आणि महिन्याभरात म्हातारा खाली मांडी घालून बसला. त्या वर्षीच्या डबलबारीत, दोन भजनी पार्ट्यांच्या सामन्यात, आपल्या बुवांच्या, कोंडीरामकाकांच्या गाण्याला अण्णांनी अशी साथ केली की समोरच्या पार्टीचा बुवाच मान डोलवायला लागला. लोक तुझ्याकडे बघत होते, श्रावणबाळ म्हणत होते. मीही बघत होते. दोन वर्षं त्यांना जे मिळालं ते खरंच मिळालं. पण ते त्यांच्याच हाडांतून काढून त्यांना दिलं होतं.

हे त्यांना कोणी सांगायचं? मी सांगते तर मी वैरीण.

औषध प्रशासनाकडे मी तक्रार दिली आहे. त्यांचे इन्स्पेक्टर येणार आहेत. तुझं नाव मी दिलेलं नाही. अजून. पुडी ज्यांनी खाल्ली त्यांनी सांगायचं, कोणी दिली ते.

नावं कळव, मयूर. मी तिसऱ्यांदा लिहिणार नाही असं म्हणणार होते. पण लिहीन.

प्रिती

---

लालबाग, ३ डिसेंबर २०२४

मयूर,

कोंडीरामकाका गेले.

वाचलंस? अजून एकदा वाच. कोंडीरामकाका. समोरच्या चाळीतले. अण्णांचे बुवा. तुला कडेवर घेऊन लालबागच्या मार्केटात फिरवणारे. ते तुझी पुडी घेत होते आणि ते आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. अण्णांनाही नाही. कारण बुवाने असं सांगायचं नसतं ना, की माझा आवाज औषधावर चाललाय. अण्णा मांडी घालून बसलेले बघितले, आणि त्यांनी तुला गुपचूप गाठलं. तू गुपचूप दिलीस.

कमलकाकी सांगत होत्या. आठवडाभर त्यांना गळाल्यासारखं होत होतं. उठलं की चक्कर. जेवण नको. म्हणायचे, मयूरला फोन लावतोय, लागत नाही. काकींना वाटलं, तुझ्यासाठी काही निरोप असेल. मग उलट्या. खालच्या डॉक्टरने पित्त म्हणून गोळी दिली. काकींनी लिंबाचं सरबत दिलं. परवा दुपारी पेटीसमोर बसले, म्हणाले, जरा बसतो, आणि तिथेच कलंडले. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत संपलं होतं. लोक म्हणाले, हार्ट. वय होतं. पुण्यवान माणूस, पेटीजवळ गेला.

मी सांत्वनाला गेले तेव्हा काकींनी पेटीची खोळ काढली. खोळीत घडी घातलेले पिवळट कागद. मला विचारतात, "प्रिती, हे कसले गं?" त्या कागदांचा वास मला झोपेतही ओळखता येईल.

 काय सांगू? माझ्या भावाने दिलं, आणि मी तीन आठवडे त्याच्याकडे हेच एक नाव मागत होते?

जेनेल मॅडमला फोन केला.  ती म्हणाली, पोस्टमॉर्टेम झालेलं नाही, आता कोणीच खात्रीने सांगू शकणार नाही. पण तुम्ही जे सांगताय ते सगळं तुमच्या वडिलांसारखंच आहे, आणि ते इथे आले असते तर बहुतेक वाचले असते. 'बहुतेक' म्हणाली. मी तो शब्द घट्ट धरून बसलेय. तूही धर. तू एक कागद घेऊन 'कोंडीराम' एवढं लिहिलं असतंस तर मी जिना उतरून रस्ता ओलांडला असता. तेवढंच अंतर आहे.

मला तुझ्या पाया पडणं जमणार नाही, आणि शिव्या देऊन माझं काही होणार नाही. मी एवढंच सांगते की कोंडीरामकाकांना तू मारलंस. पुडी देऊन नाही. तेव्हा तुला माहीत नव्हतं, असं मी मानायला तयार आहे. तुला माहीत झाल्यानंतर मारलंस. गप्प बसून.

अण्णांना सांगावं लागलं. खिडकीतून सगळं ऐकू येत होतं. त्यांना खांद्यावर उचलून खाली नेणं शक्य नव्हतं. त्यांनी उशाला टेकून खिडकीतून ती अंत्ययात्रा बघितली. मी कागदांचंही सांगितलं.  त्याच्या दोन दिवस आधी इन्स्पेक्टर येऊन गेले होते. त्यांनी विचारलं, पुडी कोणी दिली? अण्णा म्हणाले, दादरला रस्त्यावर एक माणूस बसायचा, त्याच्याकडून घेतली, चेहरा आठवत नाही. सरळ तोंडावर खोटं. मी दारात उभी होते. ते माझ्याकडे बघतही नव्हते. तुला वाचवत होते.

रमाबाईंची गोष्ट वेगळीच. त्यांच्याकडे अजून पुड्या शिल्लक आहेत. मी हात जोडले की माझ्याबरोबर हॉस्पिटलात चला, हळूहळू बंद करू. त्या म्हणतात, "मला तर बाई बरं वाटतंय, मी कशाला बंद करू? तुझे वडीलच सांगतात ना, पुडी चांगली होती."

बघितलंस? तू कणकवलीत बसला आहेस आणि अण्णा इथे खाटेवर पडून तुझी जाहिरात करतायत.

आणि एक. पूर्वीने शेवटी फोन उचलला. रडत होती. म्हणाली, ताई, हेसुद्धा घेतात. कंबरेसाठी. वर्ष झालं. त्यांचंही तोंड सुजलंय, सहज जखम होते, जिना चढताना कठड्याला धरतात.

म्हणजे तुझा विश्वास होता. मला वाटत होतं, तू जाणूनबुजून विकत होतास. तू स्वतःही गिळत होतास. यावर मी काय करायचं ते मला कळत नाही. राग कमी झाला असता तर बरं झालं असतं. झाला नाही.

नीट वाच. पुडी एकदम थांबवू नकोस. तुझ्याकडे किती आहेत मला माहीत नाही. त्या संपायच्या आत कुडाळला, ओरोसला, मिळेल त्या मोठ्या डॉक्टरकडे जा आणि सांग की मी वर्षभर स्टेरॉइड घेतोय, भेसळीचं. लाजू नकोस. उलटी झाली, गरगरलं, तर थेट हॉस्पिटल, तेच सांगायचं. रिपोर्टची कॉपी सोबत जोडते आहे, ती दाखव. पूर्वीलाही सगळं सांगितलंय.

मला अजून एक मयत बघायची नाही. तुझीसुद्धा.

प्रिती

---

लालबाग, १९ डिसेंबर २०२४

मयूर,

हे पत्र जेनेल मॅडमकडे ठेवते आहे. ती म्हणाली, तू दर सोमवारी ओपीडीत येतोस.

तू मुंबईत आहेस ते मला तिच्याकडूनच कळलं. शीव कोळीवाड्यात मित्राकडे राहतोस म्हणे. तिथल्या ज्यांना ज्यांना पुडी दिलीस त्यांच्या दारात जाऊन सांगतोस. एका बाईने तुझ्या अंगावर मासे धुतलेलं पाणी ओतलं आणि तू तसाच उभा राहून तिला सांगत होतास की एकदम बंद करू नका, माझ्याबरोबर चला. त्या बाईला घेऊनच तू ओपीडीत आलास. अजून काही जणांना आणलंस. मॅडम म्हणाली, "तुमचा भाऊ सगळ्यांच्या मागे रांगेत उभा राहतो. स्वतःला शेवटी दाखवतो."

कमलकाकींकडेही गेला होतास. ते मात्र काकींनी स्वतः सांगितलं. म्हणाल्या, आला, दारातच बसला, म्हणाला, काकी, मी दिलं, आणि मला कळल्यावरही सांगितलं नाही. त्यांनी तुला काही म्हटलं नाही. मी विचारलं, का नाही म्हटलं? त्या म्हणाल्या, "काय म्हणू? मी म्हटलं, ऊठ, आता जा. माझ्याच्याने बघवत नाही." मला वाटतं शिव्या सोप्या गेल्या असत्या तुला.

मी हे ऐकून खूश झाले असं समजू नकोस. जे तीन आठवडे आधी करायचं होतं ते तू केलंस. त्या तीन आठवड्यांत एक माणूस गेला. हे मी तुझ्या दुसऱ्या कुठल्याच कामाने पुसणार नाही.

पण आपल्या घरात जे झालं ते तुला सांगायला हवं.

कोंडीरामकाकांच्या तेराव्यानंतर रमाबाई अण्णांना बघायला आल्या. सोबत त्यांची सून आणि वरच्या मजल्यावरची दोन माणसं. बोलता बोलता पुडीवर आलं. रमाबाई म्हणाल्या, "अण्णा, तुम्हीच सांगा या पोरीला. पुडीने गुण येतो की नाही?" मी ओट्यापाशी चहा गाळत होते. म्हटलं, झालं, आता परत सुरू होणार.

अण्णा म्हणाले, "प्रिती, हय ये. चादर काढ."

मला कळेना. म्हटलं, अण्णा, लोक आहेत.

"काढ सांगतंय."

मी चादर काढली. त्यांनी स्वतःच्या हाताने धोतर वर केलं. मयूर, तो माणूस आयुष्यात कधी उघड्या अंगाने गॅलरीत आला नाही. आईसमोरसुद्धा बनियन घालून बसायचा. त्याने चार माणसांसमोर आपल्या मांड्या उघड्या केल्या. कातडं लोंबत होतं, हाडावर टाकलेल्या ओल्या फडक्यासारखं. रमाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"ह्यो गुण," अण्णा म्हणाले. "दोन वर्सा नाचलंय, ता ह्या मांडीवर. आता हय काय आसा? हात लावन बघ." रमाबाई हात लावेनात. त्यांनीच त्यांचा हात ओढून मांडीवर ठेवला. "कोंडीरामान माका बघून खाल्ल्यान. माझ्या पखवाजाक बघून. तू पण माका बघूनच खातस. आता नीट बघ आणि मगे खा."

दम लागला होता. ओठ निळसर पडले होते. मी ऑक्सिजनची नळी लावायला गेले तर हात झटकला. रमाबाई रडत होत्या. त्या दुसऱ्याच दिवशी माझ्याबरोबर आल्या. त्यांची हाडं अजून धड आहेत. मॅडमने डोस कमी करायला सुरुवात केली आहे.

सगळे गेल्यावर अण्णा म्हणाले, त्या साहेबाला परत बोलव.

इन्स्पेक्टर आले. तेच होते, आणि बरोबर एक बाई लिहून घ्यायला. अण्णांनी मला उशी लावून बसवायला सांगितलं. साहेबांनी विचारलं, "आजोबा, मागच्या वेळी तुम्ही दादरच्या रस्त्यावरचा माणूस म्हणालात."

"खोटा बोललंय."

"मग कोणी दिली?"

मला वाटलं, आता तरी थांबतील. मी, जी सव्वा महिना तुझ्या नावाने बोटं मोडतेय, ती मी मनात म्हणत होते, थांबा. अण्णा थांबले नाहीत.

"माझ्या झिलान दिल्यान. मयूर आनंदा घाडी. लिवा."

बाईंनी लिहिलं. अण्णा म्हणाले, "तेका ठावक नव्हता, ह्या पण लिवा. पण दिल्यान तेनाच." मग सगळं सांगितलं. कधीपासून, किती, कोणत्या वैद्याकडून, तू त्याच्याबद्दल काय काय सांगायचास. सहीसाठी पेन हातात धरवेना. मी हात धरू का विचारलं, तर नको म्हणाले. वेळ लावून स्वतः सही केली. पूर्ण नाव, गिरणीच्या मस्टरवर करायचे तशी.

साहेब गेल्यावर ते डोळे मिटून पडले. मी समजले, झोपले. मी पातेली आवरत होते. मागून म्हणाले, "आता तेका सांग, घराक ये."

मी म्हटलं, "आता? आता बोलावताय? आत्ता तर त्याचं नाव दिलंत."

"म्हणान. आदी तो आयलो असतो तर दोघांनी एकमेकांकडे बघितला नसता. आता बघूक येतला."

 मला त्यांचा राग आला, तुझा आला, आणि सगळ्यात जास्त त्या माणसाचा आला, जो अजून मोकळा आहे आणि दुसऱ्या कुठल्या गावात दुसऱ्या नावाने हळद कालवत असेल. तो कुठे राहायचा, त्याला माल कोण द्यायचं, गाडी कुठून यायची, हे अण्णांना माहीत नाही. तुला माहीत आहे. सोमवारी ओपीडी झाली की इन्स्पेक्टरसाहेब तिथेच थांबणार आहेत. मॅडमने जागा दिली आहे. तू पळून गेलास तर यानंतर तुला एक ओळही लिहिणार नाही आणि तुझं नाव पुन्हा कधी काढणार नाही. सांगितलंस, तर त्यानंतर घरी ये.

अण्णांची तब्येत आहे तशी आहे. पाय परत येतील असं कोणी म्हणत नाही. हृदयाचं औषध चालू आहे. मॅडमने मला वेगळं बाजूला घेऊन जे सांगितलं ते मी इथे लिहीत नाही. फार उशीर करू नकोस, एवढंच समज.

येशील तेव्हा मी दार उघडेन. त्यापुढचं मी काहीही कबूल करत नाही.

प्रिती